बोथ, आयदर, नायदर आणि बाकीची मंडळी: इंग्रजीत 'दोन'चा हिशोब कसा लावायचा

भोसरीत एका छोट्या कंपनीत मी क्वालिटीला होतो तेव्हाची गोष्ट. कोइमतूरच्या एका व्हेंडरकडून ब्रास बुशची दोन सॅम्पलं आलेली, मार्करने एक आणि दोन असे नंबर टाकलेली, आणि दोन्हीचा बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइज, म्हणजे दोन्ही रिजेक्ट. मी मेल टाकला, 'बोथ सॅम्पल्स आर नॉट ओके'. मनात मराठी चालू होतं, दोन्ही सॅम्पलं ओके नाहीत, तेच शब्द उचलून इंग्रजीत ठेवले आणि चहाला गेलो. तिकडच्या माणसाने वाचताना असा अर्थ लावला की दोन्हीच्या दोन्ही काही ओके नाहीत, म्हणजे एक चाललेलं दिसतंय, आणि आठ दिवसांनी एक नंबरचा पाचशे नगांचा लॉट आमच्या गेटवर इनवर्डला उभा. साहेबांनी मला केबिनमधे बोलावून माझाच मेल मला मोठ्याने वाचायला लावला. दोनदा वाचला तरी मला त्यात चूक दिसेना, हे जास्त लाजिरवाणं.

आता मी संध्याकाळी स्पर्धापरीक्षेच्या पोरांना इंग्रजी शिकवतो आणि दर बॅचला हाच घोळ बघतो. आयदर म्हणजे काय विचारलं तर सगळे सांगतात, पण वाक्यात वापरायची वेळ आली की परत बोथ. म्हणून हे सगळं एकदा सावकाश, पायरीपायरीने लिहून काढतोय. घाई नसेल तेव्हा वाचा, वही जवळ असली तर अजून बरं.

आधी हे भानगडीचे शब्द आले कुठून ते बघू, मग पाठांतर कमी लागतं. आठवीत संस्कृत घेतलं असेल तर रामः रामौ रामाः घोकलेलं आठवत असेल. मधला तो रामौ म्हणजे द्विवचन, बरोब्बर दोन राम. मराठीने द्विवचन कधीच सोडलं, आपल्याकडे एक झालं की थेट अनेक. जुन्या इंग्रजीतही 'आपण दोघं' आणि 'तुम्ही दोघं' यांना वेगळी सर्वनामं होती, तीही पुढे गेली, पण दोनासाठीचे काही शब्द मागे उरले: बोथ, आयदर, नायदर, बिट्वीन. 'की नाही' या अर्थाचा जो वेदर आहे ना, तोसुद्धा मुळात 'दोनांपैकी कुठला' असा प्रश्न होता. आपण मात्र सगळं काम दोघं, दोघी, दोन्ही यांच्यावर भागवतो. त्यात आपण बाई-पुरुष-वस्तू असा फरक करतो जो इंग्रजी करत नाही, आणि इंग्रजी जो फरक करतं तो आपण करत नाही. घोळ तिथेच होतो.

पहिली पायरी: मोजा

वाक्य लिहायच्या आधी बोटं मोजा. दोन असतील तर बोथ, आयदर, नायदर. तीन किंवा जास्त असतील तर त्याच जागी ऑल, एनी, नन. एवढंच. तरी पोरं लिहितात 'नन ऑफ माय पेरेंट्स', अरे बाबा आईवडील दोनच असतात, 'नायदर ऑफ माय पेरेंट्स'. हात, पाय, डोळे, कान, नवराबायको, जुळी मुलं, नाण्याच्या बाजू, मॅचमधल्या टीम, हे सगळे जन्मजात दोन आहेत, यांच्याबरोबर एनी किंवा नन दिसला की थांबायचं.

दुसरी पायरी: चहा की कॉफी

तुम्ही कुणाकडे गेलात आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं, टी ऑर कॉफी? तुम्ही 'बोथ' म्हणालात तर दोन कप येतील, आणि यजमान जरा बघतील तुमच्याकडे. 'आयदर' म्हणालात तर अर्थ असा की कुठलंही एक चालेल, तुम्हीच ठरवा. 'नायदर' म्हणालात तर काहीच नको, आत्ताच घेऊन आलो. आपण मराठीत सहज म्हणतो 'दोन्ही चालेल' आणि समोरच्याला कळतं की एकच कप हवाय, कारण क्रियापद एकवचनी 'चालेल' आहे. तेच डोक्यात ठेवून माणूस बोथ बोलून बसतो.

ऑफिसात हे जास्त महागात पडतं. मीटिंग गुरुवारी ठेवू की शुक्रवारी असं विचारलं आणि दोन्हीपैकी कुठलाही दिवस चालणार असेल तर 'आयदर डे इज फाइन', डे एकवचनी, क्रियापद एकवचनी. 'वी कॅन कम ऑन बोथ डेज' लिहिलंत तर ते दोन दिवसांचं हॉटेल बुक करतील.

आता एक गंमत, आयदरचा जुना अर्थ 'दोनांतला प्रत्येक' असा होता आणि तो काही ठिकाणी अजून जिवंत आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वडाची झाडं असतील तर 'ऑन आयदर साइड ऑफ द रोड' म्हणतात, आणि तिथे अर्थ कुठलीही एक बाजू असा नसून दोन्ही बाजू असाच आहे. हा वापर साइड, एंड, हँड असल्या शब्दांबरोबर वाचायला मिळतो. वाचताना ओळखा, लिहिताना सरळ 'बोथ साइड्स' लिहा, कुणाचं काही अडत नाही. उच्चाराचंही विचारतात कायम: आयदर म्हणा नाहीतर ईदर, ब्रिटिश जास्त करून पहिला म्हणतात, अमेरिकन दुसरा, दोन्ही बरोबर.

चौथा गडी ईच. बोथ दोघांना एका मोटारसायकलवर बसवतो, ईच दोघांना वेगवेगळं उतरवून एकेकाकडे बघतो. 'दोघांनी मिळून शंभर रुपये दिले' आणि 'दोघांनी प्रत्येकी शंभर दिले' यात शंभराचा फरक आहे की नाही? 'बोथ ऑफ देम पेड हंड्रेड रुपीज' यात तो फरक नीट कळत नाही, 'दे पेड हंड्रेड रुपीज ईच' म्हटलं की हिशोब दोनशे. बिल, वर्गणी, भाडं यात ईच विसरू नका.

आणि ईचचा भाऊ एव्हरी, तो दोनाला चालत नाही, त्याला किमान तीन लागतात. बायकोने दोन्ही हातांत सहासहा बांगड्या भरल्या तर 'सिक्स बँगल्स ऑन ईच हँड'. एव्हरी हँड म्हणायचं तर वणीची सप्तशृंगी पाहिजे, तिला अठरा हात आहेत, तिथे एव्हरी शोभतो. अपवाद एकच लक्षात ठेवण्यासारखा, 'एव्हरी अदर डे' म्हणजे एक दिवसाआड. औषधाच्या चिठ्ठीवर हे असेल आणि कुणी 'रोज, आणि दुसऱ्या दिवशीही' असं वाचलं तर गोळी डबल जाईल.

तिसरी पायरी: 'नाही' कुठे ठेवायचं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, माझा पाचशे नगांचा लॉट इथेच अडकला होता. मराठीत 'नाही' शेवटी येतं आणि येताना मागचं सगळं पुसत जातं. 'दोघंही आले नाहीत' म्हटल्यावर कुणी विचारत नाही की मग एक तरी आला का. इंग्रजीत नॉट मधेच कुठेतरी बसतो आणि त्याने नक्की काय पुसलं यावर वाद होतो. 'बोथ डिड नॉट कम' याचे दोन अर्थ निघतात, एकही आला नाही, किंवा दोघंच्या दोघं काही आले नाहीत, एकच आला. म्हणून इंग्रजीने नकार उचलून पहिल्याच शब्दात कोंबला: नायदर.

करायचं असं. मनातल्या मराठी वाक्यात 'दोन्ही' आणि 'नाही' एकत्र दिसले की बोथ हा शब्द पेनातून बाहेरच येऊ द्यायचा नाही. दोघं आले नाहीत, 'नायदर ऑफ देम केम'. दोन्ही सॅम्पलं नापास, 'नायदर सॅम्पल इज ओके', आणि नायदर आठवत नसेल तर 'बोथ सॅम्पल्स आर रिजेक्टेड', म्हणजे नॉट काढून टाकायचा आणि नकार क्रियापदातच भरायचा. हा दुसरा मार्ग मी ऑफिसमधे जास्त वापरतो खरं सांगायचं तर. आणि एकच खराब असेल तर पोटात न ठेवता सांगा, 'ओन्ली वन इज ओके, नंबर टू'.

नायदर लिहिलं की पुढे परत नॉट नको. आपण म्हणतो 'दोघांपैकी कुणीच आलं नाही', तिथे कुणीच आणि नाही असे दोन ठोकळे लागतात, म्हणून हात आपोआप 'नायदर ऑफ देम डिडन्ट कम' लिहितो. नायदरमधे नाही आधीच आहे, दुसरं घातलं की आले असाच अर्थ व्हायला लागतो. नॉट वापरायचाच असेल तर जोडीला आयदर घ्या: 'आय डोन्ट नो आयदर ऑफ देम', मी दोघांनाही ओळखत नाही.

याच कुटुंबातलं 'मला पण नाही'. कुणी म्हणालं मला माहीत नाही, आणि आपण म्हणतो 'आय ऑल्सो डोन्ट नो'. पुण्यामुंबईत सगळ्यांना कळतं, पण बरोबर आहे ते 'आय डोन्ट नो आयदर' किंवा 'नायदर डू आय', गप्पांमधे नुसतं 'मी नायदर'. होकाराला 'पण' या अर्थाचा टू, नकाराला आयदर, असं डोक्यात पक्कं करा.

चौथी पायरी: जोडणी, म्हणजे ऑफ कुठे आणि क्रियापद कसलं

ही जरा कंटाळवाणी आहे पण परीक्षेत मार्क इथलेच. नामाआधी बोथ थेट येतो, 'बोथ बॉइज', किंवा 'बोथ द बॉइज', किंवा 'बोथ ऑफ द बॉइज', तिन्ही चालतात. पण देम, अस, यू असेल तर ऑफ हवाच, 'बोथ ऑफ अस'. 'द बोथ बॉइज' कधीच नाही. आणि आपली खास मराठी चूक म्हणजे 'अवर बोथ सन्स', आमची दोन्ही मुलं याची हुबेहूब नक्कल. इंग्रजीत बोथ आमच्याच्या आधी उभा राहतो, 'बोथ अवर सन्स'. लग्नाच्या बायोडेटात हे इतक्या वेळा बघितलंय की आता हसूही येत नाही.

बोथला क्रियापद अनेकवचनी. आयदर, नायदर, ईच यांना एकवचनी, कारण ते एकेकाकडे बघतात: 'नायदर ऑफ देम इज रेडी'. बोलताना इंग्रजही आर म्हणून जातात, पेपरात मात्र इज लिहा. आयदर-ऑर आणि नायदर-नॉर आले की जो शब्द क्रियापदाच्या जवळ त्याचं ऐकायचं, 'नायदर द मॅनेजर नॉर द वर्कर्स वेअर प्रेझेंट', उलट केलं तर वॉज. बोथची जोडी अँडशी असते, 'बोथ पुणे अँड मुंबई', त्याच्या जागी 'ॲज वेल ॲज' घालू नका.

आणि 'बोथ आर सेम'. हे वाक्य महाराष्ट्रात दिवसातून लाख वेळा बोललं जात असेल. बोथ म्हणजे हा पण आणि तो पण, मग हा सेम, तो पण सेम, पण कुणासारखा? सारखेपणा दोघांच्या मधे असतो, एकेकाच्या अंगात नसतो. म्हणून 'दे आर द सेम' किंवा 'द टू आर द सेम', आणि तो द विसरायचा नाही. याच कारणाने 'बोथ ऑफ देम मेट ईच अदर' यातला बोथ काढून टाका, भेट एकट्याने होत नाही.

पाचवी पायरी: दुसरा कोण

मराठीत दुसरा हा एकच शब्द चार नोकऱ्या करतो: नंबर दोनचा, उरलेला, आणखी एक, आणि भलताच कुणीतरी. इंग्रजीत यातल्या दोघांची गल्लत सगळ्यात जास्त होते, द अदर आणि अनदर.

हे मला देवळाबाहेर कळलं, खरंच. गर्दीच्या दिवशी दर्शन घेऊन बाहेर आलो तर एक चप्पल होती, जोडीची गायब. समोर चपलांचा हा एवढा ढीग. आता मला हवी होती ती 'द अदर चप्पल', म्हणजे माझ्याच जोडातली उरलेली, जगात एकच. 'अनदर चप्पल' तर त्या ढिगात पाचशे पडलेल्या, कुठलीही उचला. दोनाचा संच असेल आणि एक सांगून झाला की उरलेला ठरलेला असतो, म्हणून त्याला द लागतो. मुलाखतीत पोरं सांगतात, 'आय हॅव टू ब्रदर्स, वन इज इन आर्मी, अनदर इज अ टीचर', तिथे 'द अदर' पाहिजे, अनदर म्हटलं की वाटतं भावांची रांग लागलीय. तीन भाऊ असते तर वन, अनदर आणि शेवटच्याला द अदर किंवा द थर्ड. क्रिकेटमधला सकलेन मुश्ताकचा दूसरा आठवा, ऑफस्पिनरचा नेहमीचा चेंडू एका बाजूला वळतो आणि दूसरा उरलेल्या बाजूला, तो शब्दच द अदर वन या अर्थाचा आहे.

सहावी पायरी: एकमेकं

शाळेत शिकवलं होतं की दोघं असतील तर ईच अदर, जास्त असतील तर वन अनदर. परीक्षेत हेच लिहा, वाद घालू नका. बाहेर मात्र हा नियम कुणी फारसा पाळत नाही, फाउलर नावाच्या इंग्रज कोशकाराने १९२६ मधेच लिहून ठेवलंय की या फरकाला ना आजचा उपयोग आहे ना जुना आधार. त्यापेक्षा खऱ्या चुका बघा. एकमेकांशी बोलत नाहीत, 'डोन्ट टॉक टू ईच अदर', तो टू गळतो कायम. एकमेकांचे फोन, 'ईच अदर्स फोन्स', ॲपॉस्ट्रॉफीचं चिन्ह एसच्या आधी. आणि देमसेल्व्हज म्हणजे एकमेकं नव्हे. दोघं आरशासमोर उभे राहून आपापला भांग बघत असतील तर देमसेल्व्हज, आरसा काढला आणि समोरासमोर आले तर ईच अदर.

सातवी पायरी: मधे

बिट्वीनच्या पोटात टू लपलाय. टू, ट्विन, ट्वाइस, ट्वेंटी, सगळ्यांत तेच टी-डब्ल्यू. म्हणून दोनांत बिट्वीन, गर्दीत अमंग असं शिकवतात, आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. पण तीन-चार जण असले आणि प्रत्येक जण वेगळा, नावानिशी उभा असला तर बिट्वीनच येतो. कृष्णेच्या पाण्याचा वाद महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र असा चौघांत आहे, तरी तो बिट्वीनच. गर्दीत नाव हरवलं की अमंग.

खरी चूक वेगळीच आहे. 'ऑफिस टाइम बिट्वीन टेन टू फाइव्ह'. दहा ते पाच मधला ते इथे टू होऊन घुसतो. बिट्वीनला अँड लागतो आणि फ्रॉमला टू, जोड्या बदलायच्या नाहीत. आणि 'तुझ्यामाझ्यात' साठी 'बिट्वीन यू अँड मी', आय नाही, कितीही झॅकपॅक वाटलं तरी.

आठवी पायरी: जोडी, जोड, जोडपं

इथे मराठी श्रीमंत आहे, आपण बैलांची जोडी म्हणतो, चपलांचा जोड, लग्नातलं जोडपं, पत्रिकेत उभयता, आणि टवाळखोर दोघांना दुक्कल. इंग्रजीत मुख्य दोन, पेअर आणि कपल. एकमेकांवाचून निरुपयोगी असलेल्या वस्तू म्हणजे पेअर: चपला, मोजे, कानातले. कात्री, चष्मा, पँट यांना वस्तू एकच असूनही पेअर म्हणतात कारण अर्धे अर्धे जोडलेले आहेत. माणसांचं जोडपं कपल. आणि 'अ कपल ऑफ डेज' म्हणजे घड्याळ लावून दोन दिवस नव्हेत, दोन-तीन दिवस, आपल्या 'दोनेक दिवसां'सारखं. व्हेंडरने कपल ऑफ डेज म्हटलं की मी चार धरतो. ट्विन्स म्हणजे आधीच दोन मुलं, 'टू ट्विन्स' कशाला, आणि 'टू पेअर्स ऑफ ट्विन्स' म्हणजे घरात चार पाळणे.

मोठा-धाकटाचंही इथेच उरकतो. दोनांत तुलना असेल तर एल्डर, बेटर, टॉलर, आणि आधी द: 'द एल्डर ऑफ द टू'. एल्डेस्ट, बेस्ट हे तिघांपासून पुढे. एल्डरला दॅन लागत नाही, 'ओल्डर दॅन मी' म्हणा. फॉर्मर आणि लॅटरही फक्त दोनाचेच, पण माझं मत विचाराल तर टाळा, वाचणाऱ्याला मान वर करून आधीचं वाक्य शोधायला लागतं, त्यापेक्षा नाव परत लिहा.

नववी पायरी: हात साफ करा

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करून बघा, मग पुढचं वाचा. आमची दोन्ही मुलं परदेशात आहेत. दोघी बहिणींपैकी कुणालाच गाडी चालवता येत नाही. एक चावी सापडली, दुसरी हरवली. दोघांनी प्रत्येकी दोन लाडू खाल्ले. गेल्या रविवारपासून ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत.

झालं? मग ताडून बघा. 'बोथ अवर चिल्ड्रेन आर अब्रॉड'. 'नायदर ऑफ द सिस्टर्स कॅन ड्राइव्ह'. 'आय फाउंड वन की, बट द अदर इज लॉस्ट', इथे अनदर लिहिलं असेल तर परत देवळाबाहेर या. 'दे एट टू लाडूज ईच', म्हणजे डब्यातले चार गेले. आणि शेवटचं, 'दे हॅवन्ट टॉक्ड टू ईच अदर सिन्स लास्ट संडे', ज्यात बोथही नको आणि नायदरही नको, कारण भांडण दोघांचं मिळून एकच आहे.